‘ती माणसं येतच नाहीत’ म्हणणाऱ्यांना

विज्ञान दिनाचा कार्यक्रम आटोपतो, आभारप्रदर्शन होते, खुर्च्या एकात एक घालायला सुरुवात होते आणि आयोजकांच्या घोळक्यात ते वाक्य हमखास येते : “सगळं मोफत ठेवलं होतं हो, रिक्षा फिरवली, पत्रकं वाटली, पण ती माणसं येतच नाहीत.” ‘ती माणसं’ म्हणजे कोण, हे लातुरात कुणाला विचारावे लागत नाही. तांड्यांवरची, ऊसतोडीला जाणारी, वडार वस्तीतली, दालमिलमधल्या हमालांची पोरे, धुणीभांडी करणाऱ्या बायांच्या मुली. बोलणाऱ्याच्या स्वरात तक्रार असते आणि तिच्याखाली थोडी सुटकाही. आपण दार उघडे ठेवले होते, पुढे ज्याचे त्याचे नशीब.

ही माणसे वाईट नाहीत. बहुतेक जण पदरमोड करून, रविवार घालवून राबणारे शिक्षक असतात. म्हणूनच त्यांच्याशी वाद घालावासा वाटतो. जे काहीच करत नाहीत त्यांच्याशी भांडून काय मिळणार?

आधी तारखेचे बघू. रामन परिणामाचा शोध २८ फेब्रुवारी १९२८चा, म्हणून १९८७पासून तो दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन. तारीख चांगलीच आहे. पण जळकोट, अहमदपूर, रेणापूर भागातल्या कितीतरी तांड्यांवरून दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली असते. ती फेडायची तर नवरा-बायको दोघांचा मिळून कोयता लागतो. मागे सांभाळायला कुणी नसेल तर लेकरेही ट्रकमध्ये चढतात. ती परत येतात कारखान्याचा पट्टा पडल्यावर, मार्च-एप्रिलात. आता शाळांचे वेळापत्रक काढून बघा. तालुक्याचे विज्ञान प्रदर्शन, जिल्ह्याचे प्रदर्शन, थंडीतले आकाशदर्शन, विज्ञान दिन : विज्ञानाचा हंगाम आणि गाळपाचा हंगाम एकच. ज्या मुलीला तुम्ही बोलावले ती त्या दिवशी दुसऱ्याच जिल्ह्यातल्या फडाशेजारच्या कोपीत धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसलेली असते. मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहांची योजना आहे, हे मला माहीत आहे. तिने काहींची शाळा वाचवली, हेही खरे. पण ज्यांची वाचली नाही त्यांच्याबद्दल ‘येतच नाहीत’ असे म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी. आकाशदर्शनाचे तर बोलायलाच नको. रात्री दहानंतर शाळेच्या मैदानावर दुर्बीण लावायची आणि मुली कमी का आल्या याचे आश्चर्य करायचे!

मोफत प्रवेशाने सगळे सुटते हा समज आपल्याकडचाच आहे असे नाही. ब्रिटनने २००१च्या अखेरीस राष्ट्रीय संग्रहालयांचे प्रवेशशुल्क काढून टाकले. गर्दी वाढली, पण ती मुख्यतः आधीपासून येणाऱ्याच थरातल्या लोकांची. पुढे एमिली डॉसन या संशोधिकेने लंडनमधल्या सोमाली, लॅटिन अमेरिकी अशा कमी उत्पन्नाच्या गटांबरोबर विज्ञान संग्रहालयांत फिरून त्यांचे अनुभव नोंदवले. त्या लोकांना तिथे कुणी अडवले नव्हते, तिकीटही नव्हते. तरी भाषा, पाट्या, मांडणी, खाण्याच्या किमती, पहारेकऱ्यांच्या नजरा यांतून ‘हे आपल्यासाठी नाही’ एवढे त्यांना नीट कळत होते. लातूरकराला हे समजायला लंडन कशाला हवे? साहेबाच्या केबिनबाहेर चपला काढणाऱ्या माणसाला विचारा.

दुसरे उत्तर जरा छाती फुगवून दिले जाते. लातुरात विज्ञानाची काय कमी? राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय, बोर्डाच्या गुणवत्ता याद्या, ‘लातूर पॅटर्न’, आणि आता उद्योग भवनाच्या परिसरात क्लासच्या फलकांमागे लपलेल्या इमारती. या यशाला मी नाक मुरडणार नाही. ज्या भागाला पुण्या-मुंबईने कायम मागास म्हणून हिणवले, तिथल्या शेतकऱ्यांची आणि प्राथमिक शिक्षकांची मुले डॉक्टर झाली, ही साधी गोष्ट नाही. पण ती प्रवेशपरीक्षेची गोष्ट आहे. तिथे प्रश्न दुसऱ्याने काढलेला असतो, उत्तर चारांपैकी एक असते आणि वेळ लावून मुलाने ते ओळखायचे असते. ‘हे असं का होतं?’ हे विचारायला त्या दोन वर्षांत उसंत नसते आणि फी, खोली, मेस यांचा हिशोब केला तर गरिबाला त्या दारापर्यंत पोचणेही अवघड. या कारखान्याच्या धुराड्याकडे बोट दाखवून ‘बघा, जिल्हा विज्ञानमय झाला’ म्हणणे म्हणजे साखर कारखाना आहे म्हणून फडातल्या माणसाच्या चहात साखर आहे असे धरून चालणे.

तिसरा युक्तिवाद सगळ्यांत धोकादायक, कारण तो कळवळ्याच्या वेषात येतो : “त्यांना पोटाची भ्रांत. विज्ञान ही त्यांच्यासाठी चैन आहे. आधी भाकरी, मग भौतिकशास्त्र.” हे लातूर जिल्ह्यात बसून कुणी म्हणावे याचे मला नेहमी नवल वाटते. याच जिल्ह्यात ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भौतिकशास्त्राने हजारो माणसे मारली.

किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. भूकंपाच्या मानाने हा आकडा भयंकर होता, आणि त्याचे कारण घरांत होते. ते घर डोळ्यांपुढे आणा. भिंत दोन-अडीच फूट जाड, बाहेरून एखाद्या गढीसारखी भक्कम. पण ती एक भिंत नव्हतीच. बाहेरच्या बाजूला दगडांचा एक पदर, आतल्या बाजूला दुसरा, आणि मध्ये माती, चिपा, गोटे यांची भर. दोन्ही पदरांना आरपार जाऊन बांधून ठेवणारा दगड क्वचितच. हादरा बसला की एक पदर बाहेर फुगून कोसळे, दुसरा आत. वर धाबे : लाकडी तुळया, फळ्या आणि त्यांवर पांढरी माती. पाऊस गळू नये म्हणून मृगाच्या आधी वर आणखी एक थर टाकायची रीत. आजोबांनी टाकला, बापाने टाकला, लेकाने टाकला. दहा फूट बाय दहा फूट खोलीवर दोन फूट माती साठली असे धरा. घनफुटाला पंचेचाळीस किलो म्हटले तरी झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर नऊ टन. भरलेला ट्रकच.

वरचा एवढा हिशोब सहावीतले पोर करू शकते. तो १९९३च्या आधी कुठल्या गावात मांडला गेला होता? तेव्हाच्या भूकंप-नकाशात किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. दख्खनचे पठार स्थिर, असे शास्त्रज्ञ मानत, आणि आम्हीही परीक्षेत तसेच लिहीत होतो. दुसरीकडे ऑक्टोबर १९९२मध्ये किल्लारीला धक्के बसून गेले होते; लोकांना ते पायाखाली कळले होते. भूकंपात टिकतील अशी घरे कशी बांधावीत याची भारतीय मानक संहिता १९६७पासून छापील रूपात होती. ज्ञान होते, ज्यांच्या डोक्यावर माती होती ती माणसेही होती. दोघांची गाठ पडली नाही एवढेच. चैन म्हणतात ती हीच का?

आता पुढचे बघा, कारण माझ्या म्हणण्याचा कणा तिथे आहे. १९९४मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम सुरू झाला. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. त्यापलीकडे शेकडो गावांत घरे आहेत तिथेच दुरुस्त आणि मजबूत करायची होती. पैसे टप्प्याटप्प्याने घरमालकाच्या हाती, काम त्याने करून घ्यायचे. एवढ्या घरांवर अभियंते कुठून आणणार? म्हणून स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला, म्हणजे प्रेमा गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना, लोकसहभागाचे काम दिले गेले आणि गावोगावी ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. त्या बहुतेक महिला मंडळांतल्या बाया; अनेकींची शाळा दोन-चार इयत्तांची.

त्यांनी काय शिकायचे होते? धाब्यावरची माती उतरवणे का गरजेचे. भिंतीला आरपार भोक पाडून, सळई घालून काँक्रीट भरले की दोन पदर एकमेकांना कसे धरतात. छताच्या पातळीला सगळ्या भिंतींभोवती पट्टा फिरवला की घर सुट्या भिंतींसारखे न हलता पेटीसारखे एकसंध कसे हलते. कोपरे का सांधायचे, खिडकी कोपऱ्यापासून दूर का ठेवायची, सिमेंटला किती दिवस पाणी मारायचे. रुरकीच्या प्राध्यापकांनी तक्त्यांत मांडलेले हे शास्त्र त्या बाया ओसरीवर, पाराखाली, नमुना घरापाशी उभ्या राहून दुसऱ्या बायांना सांगत होत्या. गवंड्याने वाळू जास्त घातली तर त्याला हटकत होत्या. कुणी त्यांना ‘विज्ञानाची आवड आहे का?’ असे विचारले नव्हते. त्यांच्या घराचा प्रश्न होता, आणि त्या घरावर पैसा कसा लागतो हे तपासायचा अधिकार त्यांना मिळाला होता. गरीब माणूस विज्ञान शिकत नाही असे म्हणणाऱ्याने आधी या बायांना उत्तर द्यावे.

सगळे गोडगोड घडले असा माझा दावा नाही. जुनी दगडी भिंत मजबूत करण्याऐवजी बऱ्याच लोकांनी मिळालेल्या पैशांतून शेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. कित्येक कुटुंबे वर्षानुवर्षे पत्र्याच्या शेडमध्ये झोपली. तज्ज्ञ हळहळले : दगड दोषी नव्हता, सांधे नसणे हा दोष होता, हे लोकांना पटले नाही. मी इथे लोकांच्या बाजूने अर्धा उभा आहे. ज्याने आपल्या माणसाला त्या भिंतीखालून काढले त्याच्यापुढे पुरावा होता. त्याचा निष्कर्ष ढोबळ असेल, पण तो अडाणीपणातून आला नव्हता. तो खोडायला नुसता तक्ता पुरत नाही, त्याच भिंतीवर त्याच्या डोळ्यांदेखत प्रयोग लागतो, आणि त्याने उलट प्रश्न विचारला तर ऐकायची तयारी लागते. कार्यक्रम १९९८मध्ये संपला. त्या संवाद सहायकांना पुढे एखाद्या शाळेने ‘विज्ञानाच्या पाहुण्या’ म्हणून बोलावले असेल, तर मला ते कळायला आवडेल.

शाळांच्या प्रदर्शनात अजूनही काय दिसते? थर्माकोलचा ज्वालामुखी. शंकूच्या आकाराचा डोंगर, तोंडाशी खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर, लाल रंग, फेस, टाळ्या. आणि हे जिथे चालते ते आख्खे लातूर लाव्हाच्या थरांवर उभे आहे! साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लांबच लांब भेगांतून एकावर एक पसरलेला लाव्हा म्हणजे आपला काळा पाषाण. किल्लारीला भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी खोल छिद्र घेतले तेव्हा त्या थरांची जाडी तीनशे मीटरहून जास्त भरली. शंकूच्या डोंगराचा या खडकाशी फारसा संबंध नाही. पण परीक्षक त्यालाच बक्षीस देतात, कारण पुस्तकात चित्र त्याचे आहे.

आणि या खडकाशी पिढ्यान्‌पिढ्या बोलणारा समाज शहराच्या कडेला राहतो. कुठला दगड घणाखाली सरळ फुटतो, कुठला चुरा होतो, मांजऱ्या खडक लागला की पाणी कसे पाझरते, गेरूसारखा लाल थर आला तर काय समजायचे, हे विहिरी खोदणाऱ्या वडार माणसाला विचारा. तो लाल थर म्हणजे दोन लाव्हांच्या मधल्या काळात तयार झालेली, पुढच्या लाव्हाने भाजलेली माती. भूवैज्ञानिक ज्याला पुरावा म्हणतो तो या माणसाने पहारीने फोडलेला असतो. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे पाणी घेऊन लातूरला आली, देशभर फोटो झळकले. त्या उन्हाळ्यात या शहरातल्या प्रत्येक गल्लीत बोअर, पाणी आणि खडक यांवर तासन्‌तास चर्चा होत होती. बोअर सहाशे फुटांवर कोरडा का गेला आणि शेजारच्याला दोनशेवर पाणी कसे, यापेक्षा चांगला विज्ञानाचा धडा कुठला असतो? तो धडा कुणी घेतला नाही. त्या उन्हाळ्यात पाणाड्या मात्र नारळ हातावर ठेवून सगळीकडे फिरत होता. त्याला बोलवावे लागत नव्हते.

इथे माझ्या जवळच्या मित्रांनाही दोन शब्द. वंचित वस्तीत विज्ञान जाते ते बहुतेक वेळा चमत्कारांचे प्रयोग घेऊन. पाण्याने दिवा पेटवणे, नारळातून केस काढणे, भानामतीमागचे खरे कारण. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभे केलेले हे काम आहे, त्यासाठी त्यांनी प्राण दिले; उदगीर-निलंग्याच्या सीमाभागात ज्या बायांना भानामतीच्या नावाखाली छळले गेले त्यांच्यासाठी या कामाचे मोल मला सांगायला नको. पण वस्तीला भेटणारे विज्ञान जर फक्त हेच असेल, तर त्याचे पहिले वाक्य दर वेळी ‘तुम्ही चुकता’ हे असते. क्लासमधल्या पोराला विज्ञान म्हणजे करिअर, आणि तांड्यावरच्या पोराला विज्ञान म्हणजे कानउघाडणी. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी गोंड, कोलाम, बंजारा लोकांकडून त्यांचे आकाश टिपून घेतले. सप्तर्षीतल्या चार चांदण्या म्हणजे खाट आणि मागच्या तीन म्हणजे ती पळवायला आलेले चोर, अशी गोंडांची मांडणी त्यात आहे. किनवट-माहूरच्या शाळेतले आकाशदर्शन या खाटेपासून का सुरू होऊ नये? रात्रीचा अंदाज त्यावरून घेणाऱ्या आजीला दुर्बिणीशेजारी उभे करायला कुठले अनुदान लागते?

“पण असं केलं तर दर्जा घसरतो,” हा आणखी एक आक्षेप. त्यावर फार वेळ घालवायला नको. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या व्ही. जी. कुलकर्णी यांनी मुंबईतल्या महापालिका शाळांत काम करताना दाखवले होते की, मुले विज्ञानाला अडत नाहीत, पुस्तकाच्या संस्कृतप्रचुर भाषेला अडतात. भाषा सोपी केली की समज वाढते. मध्य प्रदेशात होशंगाबादच्या खेड्यांतल्या सरकारी शाळांत १९७२पासून तीस वर्षे मुले स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकली. ते बंद पडले ते सरकारी आदेशाने, मुलांच्या कुवतीमुळे नव्हे. आणि नऊ टनांचा हिशोब सोप्या मराठीत सांगितला म्हणून साडेआठ टनांचा होत नाही. मोबाईलवर सगळे आहे म्हणणाऱ्यांना एवढेच विचारतो : घरात एकच फोन असेल आणि तो बापाच्या खिशात मुकादमाच्या हाकेची वाट बघत असेल, तर मुलीच्या वाट्याला त्यातले किती येते?

बरे, करायचे काय? सप्टेंबर २०२२मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीला जमिनीतून गूढ आवाज येऊ लागले. किल्लारी जवळ, लोक धास्तावले. शास्त्रज्ञ आले, अधिकारी आले, ‘घाबरू नका’ म्हणून सांगून गेले. त्या गावातली प्रत्येक बाई आवाज कधी आला, कुठल्या बाजूने आला, भांडी हलली की नुसती खिडकी, हे सांगू शकत होती. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने १९९९पासून सामान्य लोकांकडून ‘तुम्हाला काय जाणवले’ एवढेच विचारून धक्क्यांचे नकाशे काढायला सुरुवात केली, आणि शास्त्रज्ञ ते वापरतात. हासोरीत एक वही, एक घड्याळ आणि सातवीतल्या चार मुली एवढ्यात हे झाले असते. २०२४च्या मार्च आणि जुलैमध्ये हिंगोलीकडचे धक्के नांदेडपर्यंत जाणवले, तेव्हाही तेच. फडातही तसेच आहे. ऊस तोडल्यापासून जितका उशीर तितके त्याचे वजन घटते, साखर उतरते. तोडणाऱ्याची मजुरी टनावर. काट्यावर गाडी दोन दिवस उभी राहिली तर कुणाचे किती गेले, हे मोजायला शिकवणारा शिक्षक कोपीवर गेला तर त्याला गर्दी जमवायला रिक्षा फिरवावी लागणार नाही. मुकादम खूश होणार नाही, हे वेगळे.

मला खरी अडचण तिथेच दिसते. वजनकाटा, बोअर, घरकुलाच्या भिंतीतली वाळू, टँकरचे पाणी यांचे विज्ञान शिकवायला गेलात की ते कुणाला तरी टोचते. थर्माकोलचा ज्वालामुखी कुणालाच टोचत नाही, त्याच्या उद्घाटनाला सभापतीही येतात. म्हणून ‘ती माणसं येत नाहीत’ हे वाक्य सोयीचे आहे. ती खरोखर आली, आणि आपले प्रश्न घेऊन आली, तर मंडपातल्या पहिल्या रांगेची पंचाईत होईल.

पैसा नाही म्हणू नका. शाली, श्रीफळे, स्मृतिचिन्हे आणि डिजिटल फलक यांचा खर्च एकदा बाजूला काढून बघा. त्यातून जिल्ह्याच्या विज्ञान समितीत तिघांना जागा द्या : भूकंपानंतर संवाद सहायक राहिलेली एखादी बाई, विहिरी खोदलेला एक वडार, आणि दहा हंगाम ऊस तोडलेली एक तांड्यावरची बाई. प्रमुख पाहुण्याला मानधन देता, तसे त्यांना त्या दिवसाची बुडालेली मजुरी द्या. विषय त्यांना ठरवू द्या. आणि ही बैठक दसऱ्याच्या आधी घ्या. नंतर तिसरी बाई गावात सापडणार नाही.